एक लाखातल्या आमच्या खुर्च्या किती?

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणीचे सदस्य,
मुंबई क्रिकेट असोसिएशन,
वानखेडे स्टेडियम, मुंबई.



मुंबईसाठी एक लाख प्रेक्षकांचे नवे क्रिकेट स्टेडियम उभारायचे आपण मनावर घेतले आहे. मुख्यमंत्र्यांनीही वानखेडेवरच्या समारंभात त्याला जाहीर पाठिंबा दिला. जागेची चर्चा ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत जाऊन आली. अहमदाबादेत एक लाख बत्तीस हजारांचे स्टेडियम झाल्यापासून मुंबईकरांच्या मनात एक सल आहे, तो मी नाकारत नाही. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिकडे गेला आणि आपल्याला उपांत्य सामन्यावर भागवावे लागले. तेव्हा स्टेडियम जरूर व्हावे. मला फक्त एक गोष्ट लेखी हवी आहे. या लाखातली किती तिकिटे कुणाची ओळख न काढता, कुणाला फोन न करता, नुसते पैसे मोजून मिळणार?

पायाभरणीचा नारळ फुटायच्या आधी हे विचारायला कारण आहे. या शहरात मैदानांवरून जी भांडणे झाली ती बहुतेक बसायच्या जागेवरून झाली. खेळ त्यात निमित्तापुरता असे. आपल्या दप्तरी ही सगळी हकिकत असणारच, पण दप्तरे उघडायला कुणाला सवड नसते म्हणून थोडी उजळणी करतो.

पहिले भांडण मात्र खुर्चीचे नव्हते, गवताचे होते. किल्ल्याबाहेरचे मोकळे मैदान, ज्याचे तुकडे आज आपण आझाद, क्रॉस आणि ओव्हल म्हणून ओळखतो, तिथे एकोणिसाव्या शतकात पारशी पोरे क्रिकेट खेळायला लागली, पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान. १८७५ मध्ये गोऱ्या साहेबांनी बॉम्बे जिमखाना काढला आणि मैदानाचा चांगला तुकडा आपल्यासाठी राखून घेतला. तेवढ्यावर भागेना. उरलेल्या मैदानावर ते पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठून कसा उसळेल याचा नेम राहिला नाही. १८८१ मध्ये शेकडो देशी क्रिकेटपटूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला. मूठभर साहेबांच्या आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळच्या करमणुकीपायी शेकडो पोरांचा रोजचा खेळ बुडतो, एवढेच त्यांचे म्हणणे. अर्ज एकदा मान्य झाला, मग फिरवला गेला, आणि हे वर्षानुवर्षे चालले. शापूरजी सोराबजी नावाच्या गृहस्थांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यातला मोठा भाग या पोलोच्या झगड्याने व्यापला आहे. मुंबईत क्रिकेटवर लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्याचा खरा विषय फलंदाजी किंवा गोलंदाजी नसून जागेची तक्रार आहे, हे मला फार बोलके वाटते.

सरकारने मग तोड काढली. समुद्राकाठी, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सच्या बाजूला, पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना शेजारी शेजारी जागा मिळाल्या. लॉर्ड हॅरिस या क्रिकेटवेड्या गव्हर्नरचे नाव त्यात घेतले जाते आणि शाळकरी पोरांच्या हॅरिस शील्डमुळे ते आजही मुंबईच्या तोंडी आहे. जागा मिळाली हे खरे, पण ती धर्मावर मोजून मिळाली. ज्याचा जिमखाना त्याचा संघ, ज्याचा संघ त्याचे प्रेक्षक. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामने पुढे चाळीस वर्षे याच आखणीवर चालले. आज त्या सामन्यांबद्दल हळवे होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. विजय हजाऱ्यांच्या ३०९ धावा मलाही थरारक वाटतात. १९४३ च्या पंचरंगीत ३८७ च्या डावात त्या एकट्याच्या होत्या. पण सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती खेळाडू ‘इतर’ नावाच्या संघातून खेळत होता, कारण उरलेल्या चारही घरांत त्याची जागा नव्हती. १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटबद्दल नापसंती सांगितली, तरी ते थांबायला १९४६ उजाडले.

आता बाळू. पालवणकर बाळूंची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. तरी मैदानाच्या बाजूने ती पुन्हा पाहा. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात हा चांभार समाजातला मुलगा महिना तीन-चार रुपयांवर रोलर ओढायचा, खेळपट्टी झाडायचा, जाळी लावायचा. साहेबांना सरावाला गोलंदाज हवा म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. त्याची डावखुरी फिरकी पाहून हिंदू क्लबाला त्याची गरज वाटली, आणि तिथे त्याला संघात घेतलेही. गोऱ्यांची गोलंदाज म्हणून गरज, हिंदूंची बळी हवेत म्हणून गरज. पण चहाच्या वेळी बाकीचे मंडपात आणि बाळू बाहेर, त्याच्यासाठी मातीचे वेगळे भांडे. सीमारेषेच्या आत तो अकरातला एक होता, आणि तिच्या बाहेर पाऊल टाकताच तो कोण होता याची त्याला दर चहाला आठवण करून दिली जात होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. इतके होऊन हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही आधी भावांनी संघावर बहिष्कार टाकून भांडण केल्यावर.

बसण्याच्या जागेचा आणखी एक मासला. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली. सी. के. नायडू कर्णधार, लाला अमरनाथांचे शतक, मांडव घालून उभारलेले तात्पुरते स्टँड. ज्या जिमखान्याचे सभासदत्व तेव्हा गोऱ्यांपुरते होते त्याच्या अंगणात भारतीय कर्णधार नाणेफेकीला उतरला. मात्र त्या मैदानाची एक मौज होती. त्याला भिंत नव्हती. १९२६ मध्ये याच मैदानावर नायडूंनी एमसीसीविरुद्ध अकरा षटकार ठोकत १५३ धावा केल्या, तेव्हा तिकीट नसलेली मुंबई आसपासच्या झाडांवर आणि छपरांवर चढली होती. तिकीट नसेल तर सामना नाही, असे समीकरण अजून व्हायचे होते.

ते ब्रेबोर्नने केले. वास्तू देखणी, आजही देखणी. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अँथनी डिमेलो यांनी त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना गाठून, सरकारला पैसे हवेत की स्वतःला अमरत्व, असे विचारल्याचा किस्सा सांगितला जातो. खरा असो वा रचलेला, भरणीची जमीन मिळाली आणि स्टेडियमला गव्हर्नरांचे नाव लागले. १९३७ च्या डिसेंबरात उद्घाटन झाले. या देशातले हे पहिले पक्के क्रिकेट स्टेडियम. त्याच हंगामात पंचरंगी सामने तिथे गेले आणि पहिल्याच पंचरंगीतून हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. कारण काय? जिमखान्याच्या वाट्याला आलेली आसने कमी पडली. नव्या स्टेडियमवरचा रंग वाळायच्या आत खुर्च्यांचे भांडण सुरू झाले होते.

पुढचे भांडण आपल्याच घरातले. ब्रेबोर्न हे एका क्लबाचे खासगी स्टेडियम. कसोटी तिथे, यजमानपदाचा मान मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा. दर कसोटीला असोसिएशनने जास्त तिकिटे मागायची आणि क्लबाने आपल्या सभासदांची ढाल पुढे करायची. सत्तरीच्या सुरुवातीला एका बाजूला क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट आणि दुसऱ्या बाजूला असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे असे दोन खंबीर गडी समोरासमोर आले. वानखेडे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष. त्यांच्यात नेमके काय बोलणे झाले याच्या चार जणांकडून चार आवृत्त्या ऐकायला मिळतात आणि प्रत्येक आवृत्तीत सांगणाऱ्याचा अभिमान मिसळलेला असतो. ‘मग आमचे आम्ही बांधतो’ हा त्यांचा सारांश. आणि बांधलेच. ब्रेबोर्नपासून एक किलोमीटरही दूर नाही, लोकलच्या रुळांना खेटून, शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाच्या आराखड्यावर तेराएक महिन्यांत वानखेडे स्टेडियम उभे राहिले. एकाच शहरात, एकाच खेळासाठी, चालत जाण्याच्या अंतरावर दोन मोठी स्टेडियम असणे हा शहाणपणा म्हणता येणार नाही. पण माझ्या पिढीच्या मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला, आणि तो पोकळ नव्हता. क्लबाच्या कोचांवरून क्रिकेट उठून बाकांवर येईल अशी ती आशा होती.

पहिली कसोटी २३ जानेवारी १९७५ ला सुरू झाली. मालिका दोन-दोन अशी अटीतटीची. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा कुटल्या. त्याचे द्विशतक झाल्यावर एक तरुण त्याचे अभिनंदन करायला धावत मैदानात शिरला आणि पोलिसांनी त्याला सगळ्यांदेखत बडवले. प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली, त्या दिवशीचा चहानंतरचा खेळ बुडाला. पाहुण्या फलंदाजाचे कौतुक करायला गेलेल्या पोराची बाजू घेऊन मुंबईचे स्टँड पेटले, ही गोष्ट मला आजही या शहराच्या क्रिकेटप्रेमाचा चांगला दाखला वाटते. आपल्या स्टेडियमच्या पहिल्याच कसोटीत सामान्य प्रेक्षकाला लाठी मिळाली, हेही नोंदवून ठेवावे.

त्याच सामन्यात भारताकडून एकच शतक झाले, एकनाथ सोलकरचे. वानखेडेवरचे भारतीय फलंदाजाचे ते पहिले कसोटी शतक आणि त्याच्या कारकिर्दीतले एकमेव. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी. मैदान राखणाऱ्या माणसाला मैदानावर माळीच म्हणतात, ग्राउंड्समन वगैरे कागदावर. जिमखान्याच्या आवारातल्या एका खोलीत हे सगळे कुटुंब राहायचे. पोरगा धावफलकावरचे आकडे बदलायचा, बदली खेळाडू कमी पडला की क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. फॉरवर्ड शॉर्टलेगला हेल्मेट नसताना उभे राहून त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. हॅरिसच्या काळात धर्मावर मोजून दिलेल्या त्या जागेवर माळ्याचा मुलगा राहत होता, रोज खेळ बघत होता, तिकिटाचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून तो घडला. मला या पत्रात जे म्हणायचे आहे त्यातले निम्मे या एका माणसात आले.

उरलेले निम्मे तिकिटांच्या हिशेबात आहे. २ एप्रिल २०११. आपण विश्वचषक जिंकलो ती रात्र. अंतिम सामन्यासाठी स्टेडियम नव्याने बांधून काढले होते, आसने तेहतीस हजारांच्या घरात. त्यातली लोकांना विकायला ठेवलेली तिकिटे होती सुमारे चार हजार. हा आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता आणि तो आपण खोडला नाही. बाकीची आंतरराष्ट्रीय संघटनेला, प्रायोजकांना, आणि सगळ्यांत मोठा वाटा आपल्या संलग्न क्लबांना. विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोसळले, याचे नवल कुणालाच वाटले नाही. धोनीने मारलेला षटकार ज्या स्टँडमध्ये पडला त्यात बसलेल्यांपैकी किती जणांनी रांगेत उभे राहून तिकीट घेतले होते? त्या रात्री मरीन ड्राइव्हवर नाचणाऱ्या लाखोंपैकी बहुतेकांनी सामना पाहिला तो टीव्हीवर.

क्लबांना तिकिटे का जातात, हे आपणाला सांगायची गरज नाही, पण पत्र खुले आहे म्हणून वाचकांसाठी लिहितो. असोसिएशनला तीनशेहून जास्त क्लब संलग्न आहेत. प्रत्येक क्लबाला मत, आणि मोठ्या सामन्याला प्रत्येक क्लबाला तिकिटांचा वाटा. जो तिकिटे वाटतो त्याला मते हवी असतात आणि ज्याच्याकडे मत आहे त्याला तिकिटे. लग्नाच्या पंगतीत मानकऱ्यांची पाने आधी मांडून घेतात आणि गावजेवणाला उरलेला भात, तशी ही व्यवस्था. तिच्यात बेकायदा काही नाही. म्हणूनच ती टिकली. २००१ मध्ये अजित वाडेकर अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेला कर्णधार. ते शरद पवारांकडून हरले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. मतदार क्रिकेट क्लब, उमेदवार कसोटी कर्णधार, आणि निवडून आले राजकारणी.

मी राजकारण्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांतला नाही. मंत्रालयात वजन असलेला माणूस अध्यक्षपदी नसता तर वानखेडे स्टेडियम तेरा महिन्यांत सोडाच, तेरा वर्षांतही झाले नसते. जमीन, परवानग्या, पाणी, सगळे तिथूनच येते. डिमेलोंना गव्हर्नर गाठावा लागला, तुम्हाला मुख्यमंत्री. माझे म्हणणे एवढेच की सरकारी जमीन ज्याच्या शब्दावर मिळते त्याने जनतेला काय परत मिळणार हेही त्याच दमात सांगावे.

गेल्या वर्षी, १६ मे २०२५ ला, आपण वानखेडेवरच्या तीन स्टँडना नावे दिली. रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार. निवडणुकीत समोरासमोर आलेले दोघे आता एकाच इमारतीत वर-खाली नांदतात. विजय मर्चंट यांच्याशी भांडून जे स्टेडियम झाले त्यात मर्चंट यांच्या नावाचाही स्टँड आहे. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. भांडणे विसरून नावे जपायची ही मुंबईची रीत मला आवडते. पण एवढी नावे लावताना पालवणकर हे नाव एकाही स्टँडला का सुचले नाही? सोलकर का नाही? ज्याला मंडपात चहा मिळाला नाही त्याच्या नावाचा मंडप बांधायची संधी एक लाख आसनांच्या स्टेडियममध्ये तरी हुकू नये. आणि बाळूंचे नाव महागड्या पॅव्हेलियनला नको. सगळ्यांत स्वस्त स्टँडला द्या, जिथे ओरडून घसा बसतो तिथे.

आता नव्या स्टेडियमबद्दल थेट. ठाणे जिल्ह्यात ते होणार असेल तर चर्चगेटला लोकलने उतरून पाच मिनिटांत सीटवर बसणाऱ्या प्रेक्षकाचे काय? दिवस-रात्र सामना संपतो अकराच्या पुढे. डोंबिवली, विरार, पनवेलच्या पोराला शेवटची गाडी कशी मिळणार, हे आराखड्यात गच्चीवरच्या हेलिपॅडच्या आधी यायला हवे. गाड्यांचे पार्किंग हे प्रेक्षकांच्या वाहतुकीचे उत्तर नाही, ते पासवाल्यांच्या वाहतुकीचे उत्तर आहे. नेरूळच्या स्टेडियमवर नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेच्या साखळी सामन्यांची तिकिटे शंभर रुपयांपासून होती. मुलींना घेऊन आलेले बाप, शाळेच्या गणवेशातली मुले, असे चेहरे कॅमेऱ्यात दिसले. त्यांना स्वस्त तिकीट आणि स्टेशनजवळचे स्टेडियम, दोन्ही मिळाले होते.

आपले लोक यावर काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. बॉक्स आणि प्रायोजक नसतील तर एवढे मोठे बांधकाम परवडणार नाही. मान्य. क्लब हे मुंबई क्रिकेटचा कणा आहेत, पावसात कांगा लीग त्यांनीच जिवंत ठेवली, त्यांचा मान राहिला पाहिजे. तेही मान्य, अगदी मनापासून. माधव मंत्री, गावसकर, वेंगसरकर ज्या दादर युनियनमधून आले तसे क्लब नसते तर या शहराने रणजी करंडकांनी आपले कपाट इतके भरले नसते. पण तीनशेंपैकी किती क्लब आज खरोखर मैदानावर आहेत आणि किती मतदारयादीत, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. शिवाय लाख आसनांत क्लबांचा आजचा वाटा जसाच्या तसा ठेवला तरी ऐंशी हजार आसने उरतात. त्यांच्यावर आता नवे हक्कदार बसवू नका, एवढेच सांगणे.

आणि मैदाने. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्याचा लाँगऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, चेंडू कुणाचा हे ओरडून ठरते, आणि तरीही कुणाचे डोके फुटत नाही हा चमत्कार रविवारी सकाळी कधीही जाऊन पाहावा. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी याच मैदानावर झाली. तिकीट नव्हते. ज्याला सवड होती त्याने ती पाहिली. या मैदानाचा एक मोठा तुकडा मेट्रोच्या कामासाठी कित्येक वर्षे पत्र्यांमागे राहिला. तंबूंची अवस्था पाहवत नाही. माळ्याला टँकरच्या पाण्याची वाट बघावी लागते, आणि मुलींच्या सामन्याच्या दिवशी कपडे बदलायला, स्वच्छतागृहाला जागा शोधावी लागते. विश्वविजेत्या मुलींचे पोस्टर ज्या शहराने लावले त्या शहरात हे चालू आहे. नव्या स्टेडियमच्या खर्चातला एक ठरलेला हिस्सा आझाद, क्रॉस, ओव्हल, शिवाजी पार्क आणि माटुंग्याच्या मैदानांच्या माळ्यांसाठी, पाण्यासाठी, स्वच्छतागृहांसाठी बांधून टाका. सोलकर घडतो तो तिथे. लाखाच्या स्टेडियमवर तो फक्त खेळायला येतो.

तेव्हा माझी मागणी आपल्यासमोर ठेवतो. शासनाकडे जमिनीचा प्रस्ताव पाठवाल त्याच्याबरोबर आसनांचे वाटपपत्रक जोडा आणि ते मराठी वर्तमानपत्रांत छापा. सभासद किती, क्लब किती, प्रायोजक किती, शासन आणि पोलिसांचे पास किती, आणि खुल्या विक्रीला किती, सगळे आकड्यांत. खुल्या विक्रीचा वाटा निम्म्याहून कमी असू नये, आणि विश्वचषक असो की आयपीएल, तो कुठल्याही सामन्याला बदलू नये. जमीन देताना शासनाने हीच अट करारात घालावी, म्हणून या पत्राची प्रत मुख्यमंत्री कार्यालयाला पाठवत आहे. हे पत्रक येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, ही विनंती. सभेला बसणाऱ्या क्लबांच्या प्रतिनिधींनाही सांगणे आहे की त्या दिवशी मत देताना खिशातला पास जरा बाजूला ठेवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नॉर्थ स्टँडमधला एक जुना प्रेक्षक